मित्रमंडळींसाठी रोमचा एक दिवस: पैसे भरण्याआधी हे वाचा

आमच्याकडून रोमचा दिवस आखून घेणारे बहुतेक ग्रुप जुन्या मित्रांचे असतात. शाळेची बॅच, सोसायटीतले शेजारी, बँकेतून एकत्र निवृत्त झालेले सहकारी. तुम्ही वाचलेले असते, व्हिडिओ पाहिलेले असतात, त्यामुळे रोममध्ये काय पाहायचे हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. हे पत्रक मुख्यतः एकाच गोष्टीसाठी काढले आहे: तिकिटावरचे नाव.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर यादी दिली आहे, मग पासपोर्टचा फोटो पुन्हा कशाला?’ असे जवळजवळ प्रत्येक ग्रुप विचारतो. १८ ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमचे, म्हणजे प्राचीन रोममधल्या झुंजींच्या भव्य प्रेक्षागृहाचे, तिकीट माणसाच्या नावाने निघते आणि दारात ते नाव ओळखपत्राशी ताडून पाहतात. तिकीट एकदा निघाले की त्यावरचे नाव बदलता येत नाही. आमच्याकडे येणारी यादी मात्र ‘बंड्या + १, मोठा जोशी, धाकटा जोशी, वहिनी’ अशी असते. मग फोन सुरू होतात. वहिनींचे पासपोर्टवरचे नाव माहेरचे निघते. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा असतो आणि सगळे नाव एका ओळीत असते. कुणाच्या स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू’च्या जागी ‘व्ही’ असतो. या चौकशीत चार-पाच दिवस जातात आणि तेवढ्यात सकाळच्या वेळा संपतात. साधी तिकिटे भेटीच्या तारखेच्या साधारण ३० दिवस आधी खुली होतात. कोलोसियममध्ये एका वेळी सुमारे ३००० माणसेच सोडतात, म्हणून उन्हाळ्यात आणि सुट्ट्यांत थांबून चालत नाही.

त्यामुळे आमचा नियम असा आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्वच्छ फोटो, खालच्या दोन्ही सांकेतिक ओळींसकट, प्रत्येकाचा आमच्याकडे यायला हवा. फोनवर सांगितलेले नाव आम्ही धरत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण त्यांचेही तिकीट नावाने काढावेच लागते, म्हणून त्यांचेही पान हवे. आणि सगळी पाने हातात आल्याशिवाय आम्ही एकही तिकीट काढत नाही. काहींना हे सरकारी कचेरीसारखे वाटते. पण अर्धी तिकिटे आधी आणि अर्धी नंतर काढली, तर निम्मे मित्र सकाळी ९ ला आत आणि निम्मे दुपारी १ ला, असे होते. एकत्र फिरायला निघालेल्यांचा दिवस तिथेच मोडतो.

ऐनवेळचा बदल हा याचाच दुसरा प्रकार. एकाला रजा मिळत नाही, त्याच्या जागी कुणाचा तरी मेहुणा तयार होतो. विमानाचे तुमचे तुम्ही पाहाल, पण कोलोसियमचे ते तिकीट मेहुण्याच्या उपयोगाचे नसते. नवे काढावे लागते आणि जुन्याचे पैसे परत मिळत नाहीत. ते पैसे आम्ही आमच्या खिशात घालतो असा समज कृपया नको. २०२५ मध्ये साधे तिकीट १८ युरोचे होते. आम्ही दर्शनी किमतीतच ते देतो आणि आमचे सेवाशुल्क पावतीवर वेगळे दाखवतो.

तिकिटावर नाव घालायची वेळ का आली, हेही समजून घ्या. मोठे विक्रेते संगणकी प्रणाली लावून तिकिटे उघडताच घाऊक उचलत आणि ती चढ्या भावाने विकत. २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने तिकीटविक्री सांभाळणाऱ्या संस्थेला आणि काही पर्यटन कंपन्यांना मिळून जवळपास २ कोटी युरो दंड केला. म्हणून इंटरनेटवर ‘रांग नाही, लगेच प्रवेश’ अशी जाहिरात दिसली तर दोनदा विचार करा. सुरक्षा तपासणीची रांग सगळ्यांनाच आहे. मोठ्या बॅगा आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत, सामान ठेवायची सोयही नाही. मूळ पासपोर्ट जवळ असू द्या आणि दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा.

या अर्ध्या तासात करण्यासारखे एक काम आहे. कोलोसियमच्या उत्तरेकडच्या उंच बाहेरच्या भिंतीखाली उभे राहून कमानींच्या माथ्याकडे पाहा. दगडात रोमन आकडे कोरलेले दिसतील. तळाच्या ८० कमानींपैकी ७६ ना क्रमांक होते, त्यातले २३ ते ५४ आजही शाबूत आहेत. सम्राट व्हेस्पेशियनने सुरू केलेल्या या वास्तूचे उद्घाटन त्याचा मुलगा टायटस याने इ.स. ८० मध्ये केले, तेव्हा प्रेक्षक आपापल्या क्रमांकाच्या कमानीतून शिरत. सिनेटर पुढे रिंगणालगत बसत, बायका आणि गोरगरीब सगळ्यात वर. आत गेल्यावर जिने इतके का आणि असे का, हे या आकड्यांमुळे लगेच उमगते. आमच्या मराठी टिपणात याचे रेखाचित्र दिले आहे.

त्याच तिकिटावर फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि त्याला लागून असलेली पॅलाटाइन टेकडी आहे, पण तिथे एकदाच प्रवेश मिळतो. ‘बाहेर कॉफी घेऊन परत येऊ’ हे चालत नाही. आधी खाऊन घ्या. पाण्याचे नळ आत आहेत आणि पाणी उत्तम आहे. फोरममध्ये सम्राट अँटोनायनस आणि त्याची राणी फॉस्टिना यांच्या देवळासमोर जरा थांबा. त्याच्या पोटात नंतर चर्च बांधले, आणि त्या चर्चचे दार आज जमिनीपासून कितीतरी उंचावर, पायऱ्यांशिवाय लटकलेले दिसते. दार बसवले तेव्हा जमीन तिथपर्यंत होती. मधली सारी माती उत्खननात उपसली. शतकांचा थर म्हणजे काय, हे इतक्या स्पष्ट दाखवणारी जागा आम्हाला रोममध्ये दुसरी माहीत नाही.

दुपारनंतर आम्ही कॅपिटोलिन टेकडीवर नेतो. मायकेलअँजेलोने आखलेला चौक, आणि मागच्या कठड्यावरून सगळा फोरम एका नजरेत, तोही फुकट. तिथून चालत पँथिऑन, म्हणजे घुमटाचे प्राचीन रोमन देऊळ. ३ जुलै २०२३ पासून तिथेही तिकीट आहे, तेही आम्हीच काढतो. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारे ४३ मीटर. माथ्याचे गोल भोक उघडेच असल्याने पाऊस आत पडतो, आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून पाणी निघून जाते. ती छिद्रे शोधा, मुलांना फार आवडते.

व्हॅटिकन संग्रहालय त्याच दिवशी बसवा, असा आग्रह होतो. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. त्याला निम्मा दिवस वेगळा द्यावा लागतो आणि महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी ते बंद असते. दोन दिवस असतील तर जरूर सांगा, वेगळा आराखडा देऊ. उरलेल्या वेळेत सान पिएत्रो इन व्हिंकोली या चर्चमधला मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा पाहा. कोलोसियमपासून जवळ आहे, प्रवेश मोफत आहे, मात्र दुपारी चर्च बंद असते.

इटलीत गाइडला परवाना लागतो. आमचे गाइड परवानाधारक स्थानिक आहेत आणि सावकाश इंग्रजीत बोलतात. मराठी टिपण आम्ही देतो आणि आमचा माणूस दिवसभर फोनवर असतो. आठपेक्षा जास्त मंडळी असतील तर प्रत्येकाला कानात लावायचे यंत्र देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

तारीख ठरली की दीड महिना आधी सगळ्यांच्या पासपोर्टची पाने पाठवा. ग्रुपमधल्या एकानेच ती गोळा करून एकगठ्ठा पाठवली तरी चालेल. बदललेला किंवा नव्याने निघणारा पासपोर्ट असेल तर ते आधी कळवा. नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत आम्ही थांबतो.