जॉर्जिया राज्यातील गव्हर्नरपदाच्या निवडणुका

अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्याचा कारभार गव्हर्नरच्या हाती असतो. भारतात राज्यपालाची नेमणूक होते. जॉर्जियाचा गव्हर्नर थेट मतदानाने, चार वर्षांसाठी निवडला जातो. मात्र हा हक्क लोकांना सहज मिळालेला नाही, आणि मिळाल्यावरही प्रत्येकाच्या मताचे वजन सारखे नव्हते.

१७७७च्या राज्यघटनेनुसार विधिमंडळ दरवर्षी गव्हर्नर निवडत असे. मतदारांनी पहिला थेट कौल दिला तो १८२५ मध्ये. जॉर्ज ट्रूप यांनी जॉन क्लार्क यांना सातशेहून कमी मतांनी हरवले. मतदानाचा हक्क अर्थातच गोऱ्या पुरुषांपुरता होता. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, कृष्णवर्णीय पुरुषांनीही मतदान केले आणि रिपब्लिकन पक्षाचे रूफस बुलक निवडून आले. १८७१ मध्ये त्यांना पद सोडून राज्याबाहेर जावे लागले. १८७२ पासून एकविसाव्या शतकापर्यंत हे पद डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिले. मतदान कर आणि साक्षरतेची अट यांनी कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवले. पक्षाची उमेदवारी मिळाली की विजय ठरलेलाच, त्यामुळे खरी लढत पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत होई, आणि तीही फक्त गोऱ्यांसाठी खुली होती.

या निवडणुकीत मते सरळ मोजलीही जात नसत. १९१७च्या कायद्याने काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) युनिट पद्धत पक्की केली; तीत मतांऐवजी काउंट्यांना दिलेल्या युनिटांवरून उमेदवार ठरे. सर्वांत मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६ युनिट, पुढच्या ३० काउंट्यांना ४ आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना २ युनिट मिळत. काउंटीत आघाडी घेणाऱ्याला तिथली सगळी युनिट जात. १९६० मध्ये अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत मोडते तिची वस्ती साडेपाच लाखांवर होती, तर एकोल्स काउंटीची दोन हजारांच्या आत. तरी एकोल्ससारख्या तीन काउंट्या मिळून फुल्टनची बरोबरी करत. शहरांचा आवाज दाबण्याचा हा सरळ सरळ अन्याय होता.

१९४६ मध्ये त्याचे फळ दिसले. जेम्स कार्मायकल यांना जास्त मते मिळाली, पण युनिटांच्या जोरावर उमेदवारी यूजीन टॅलमॅज यांनी पटकावली. नोव्हेंबरात ते निवडून आले आणि शपथ घेण्यापूर्वीच, डिसेंबरात, वारले. त्यांच्या आजारपणाची कल्पना असलेल्या समर्थकांपैकी काहींनी मतपत्रिकेवर त्यांचे पुत्र हर्मन यांचे नाव हाताने लिहिले होते. त्या आधारे विधिमंडळाने जानेवारी १९४७ मध्ये हर्मन यांना गव्हर्नर केले. मावळते गव्हर्नर एलिस आर्नल खुर्ची सोडेनात. नवनिर्वाचित उपगव्हर्नर मेल्विन थॉम्पसन यांनीही पदावर दावा सांगितला. सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याची मोहर सांभाळणारे अधिकारी, बेन फोर्टसन यांनी ती मोहर कोणालाच वापरता येऊ नये म्हणून आपल्या चाकाच्या खुर्चीतील उशीखाली लपवून ठेवली. टॅलमॅज यांच्या टेलफेअर काउंटीतून हर्मन यांच्या नावाची पन्नासहून अधिक मते ऐनवेळी 'सापडली' होती. त्यांत मृतांची नावेही असल्याचे 'अटलांटा जर्नल'ने उघड केले. मार्च १९४७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉम्पसन यांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी, १९४८च्या विशेष निवडणुकीत, मतदारांनी मात्र हर्मन यांनाच निवडले.

युनिट पद्धत संपवली ती न्यायालयांनी. 'ग्रे विरुद्ध सँडर्स' खटल्यात (१९६३) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'एक व्यक्ती, एक मत' हे तत्त्व मांडले. तरी विधिमंडळाचा हात सुटला नव्हता. १९६६ मध्ये रिपब्लिकन बो कॅलवे किंचित पुढे होते, पण आर्नल यांच्या नावाने हाताने लिहिलेल्या मतांमुळे कोणालाच बहुमत मिळाले नाही. डेमोक्रॅट बहुसंख्य असलेल्या विधिमंडळाने मग डेमोक्रॅटिक उमेदवार आणि वंशविभाजनाचे कट्टर समर्थक लेस्टर मॅडॉक्स यांना निवडले. त्यानंतर घटनादुरुस्ती झाली आणि बहुमत न मिळाल्यास पुन्हा मतदान घेण्याचा नियम आला.

१९७० मध्ये जिमी कार्टर निवडून आले. २००२ मध्ये सनी पर्ड्यू यांच्या रूपाने रिपब्लिकनांनी हे पद परत मिळवले. २०१८ मध्ये ब्रायन केम्प यांना ५० टक्क्यांहून जेमतेम जास्त मते पडली, म्हणून फेरमतदान टळले. त्यांच्या प्रतिस्पर्धी स्टेसी अब्राम्स या अमेरिकेत मोठ्या पक्षाची गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. केम्प स्वतःच सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणूक यंत्रणेचे प्रमुख असल्याने, मतदारयाद्यांतून वगळलेल्या नावांवरून मोठा वाद झाला. २०२२ मध्ये याच दोघांत पुन्हा लढत झाली आणि केम्प अधिक फरकाने जिंकले.