ठोकळ्यांचे प्रोग्रॅमिंग आणि वगळलेली एक सोय

मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगचा मागोवा घेताना सहसा १९६७ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या लोगो भाषेपर्यंत जावे लागते. पडद्यावरचे कासव एवढीच तिची आठवण अनेकांकडे उरली असली, तरी स्वतः रचलेल्या आज्ञांच्या मालिकेला नाव देऊन ती नवी आज्ञा म्हणून वापरणे, म्हणजेच प्रोसिजर लिहिणे, हा तिचा गाभा होता. अभियंत्यांसाठीची चित्ररूप साधने वेगळ्या वाटेने आली. त्यांपैकी १९८६ मधील लॅबव्ह्यू आजही वापरात आहे.

२००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या स्क्रॅचने, म्हणजे पडद्यावर आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून प्रोग्रॅम बनवू देणाऱ्या मुलांसाठीच्या साधनाने, लोगोचा वारसा सांगितला. आकार जुळेल तेथेच ठोकळा बसत असल्याने कंस किंवा स्वल्पविराम चुकून प्रोग्रॅम अडण्याची भीती संपली. ठोकळ्यावरचा मजकूर अंतर्गत रचनेपासून वेगळा असल्यामुळे तो कोणत्याही भाषेत ठेवता येतो, आणि पुण्यातील मराठी माध्यमाच्या वर्गांसाठी ही बाब लहान नाही.

मात्र ज्या गाभ्यावर लोगो उभी होती, ती प्रोसिजरची सोयच सुरुवातीच्या आवृत्त्यांतून जाणीवपूर्वक वगळण्यात आली. नवशिक्यापुढे कमीत कमी संकल्पना ठेवाव्यात, असा त्यामागचा विचार होता आणि तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. पण जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवर लहानमोठ्या खिडक्या काढायच्या झाल्या, तर विद्यार्थ्याला तीच मालिका प्रत्येक मापासाठी नव्याने जोडावी लागे, किंवा माप एका सामाईक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाच्या कप्प्यात, ठेवून ब्रॉडकास्टचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या इतर भागांना ते काम सुरू करायला सांगणारा, संदेश पाठवण्याची आडवाट धरावी लागे. सोपेपणासाठी घेतलेल्या निर्णयाने पुढची पायरी अवघड केली, हा टीकाकारांचा आक्षेप त्यामुळे अधिक सबळ वाटतो. याच असमाधानातून स्क्रॅचवर बेतलेले आणि स्वतःचे ठोकळे घडवू देणारे एक साधन निघाले. पुढे ते स्नॅप या नावाने महाविद्यालयीन अभ्यासक्रमापर्यंत पोहोचले. स्क्रॅचने २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय दिली खरी, परंतु असा ठोकळा उत्तर परत करू शकत नव्हता, म्हणजे काढलेली किंमत दुसऱ्या ठोकळ्याला वापरायला देऊ शकत नव्हता, आणि जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतही ती उणीव तशीच राहिली. फ्लॅश या ब्राउझरमधील जुन्या पूरक सॉफ्टवेअरवरील अवलंबित्व सुटून टॅब्लेटवर काम करता येणे, हा त्या आवृत्तीचा अधिक दिसणारा लाभ ठरला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावीपासून, कोडिंगचे उपक्रम सुचवले आणि टाळेबंदीच्या त्याच वर्षी खासगी ऑनलाइन वर्गांच्या जाहिरातींना उधाण आले. त्यांतील काही जाहिराती जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन यंत्रणेच्या हस्तक्षेपानंतर मागे घ्याव्या लागल्या. तेव्हापासून पालकांपुढची चर्चा मूल कितव्या वर्षी अ‍ॅप बनवते याभोवतीच फिरत राहिली आणि त्याला स्वतःचा ठोकळा घडवता येतो का, हा प्रश्न मागे पडला.