टक् वाजलं की बोलणं संपलं

"भाऊ, मना फोन आपोआप कटी जास," माय म्हणाली, आणि तेवढ्यात फोन खरंच कटला.

डिसेंबरचे दिवस. ती अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी, मी जळगावला. पुन्हा लावला, दोन मिनिटं बोललो, पुन्हा कट. फोन जेमतेम सात महिन्यांचा. घडीचा, म्हणजे आमच्या गावच्या भाषेत झाकणवाला. तालुक्याच्या दुकानदाराने हातात घेऊन दोनदा उघडझाप केली आणि सांगून टाकलं, "रिबन गेली. आठशे रुपये." मायने आकडा ऐकला, फोन पदराने पुसला, पिशवीत टाकला आणि एसटीने घरी आली. त्या शनिवारी मी गावी गेलो ते भरीत खायला. फोन बघणं हे निमित्त.

झाकणवाला फोन घ्यायचं कारण तिचे हात. चाळीस वर्षं कापूस वेचून अंगठ्याला आणि तर्जनीला घट्टे पडलेत. टचस्क्रीनच्या काचेखाली विजेचं एक बारीकसं क्षेत्र असतं. बोट जवळ आलं की ते बदलतं आणि फोनला स्पर्श कळतो. बोटाची कातडी जाड आणि कोरडी असेल तर आतला ओलसर, वीज वाहणारा भाग काचेपासून लांब पडतो आणि बदल क्षीण होतो. माय म्हणायची, "हा फोन मला ओळखतच नाही." बरोबरच होतं तिचं. बटणाला असली नाटकं नाहीत, दाबलं की दाबलं.

शिवाय माणसाच्या कानापासून तोंडापर्यंतचं अंतर चौदा-पंधरा सेंटिमीटर आणि खिशाची किंवा बटव्याची लांबी त्याहून कमी. फोन कमरेत मोडला तर दोन्ही जमतं. मोटोरोलाचा स्टारटॅक १९९६ साली आला तो हेच जमवून, वजन फक्त ८८ ग्रॅम. आपल्याकडे तेव्हा मोबाइल येऊन वर्षही झालं नव्हतं. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना लावलेला फोन हा देशातला पहिला मोबाइल कॉल. पुढे २००४ मध्ये मोटोरोलाचाच रेझर आला. बंद केल्यावर जाडी १३.९ मिलिमीटर, आणि खपला तेरा कोटींच्या वर.

तर फोन हातात घेतला आणि बिजागरीपासून सुरुवात केली, कारण या फोनची सगळी गंमत आणि निम्मी दुखणी तिथेच असतात. झाकण अर्ध्यावर सोडलं तर ते तिथे राहत नाही. एक तर पूर्ण उघडतं, नाही तर मिटतं. आत एक स्प्रिंग आणि तिरक्या कडांचे एकमेकांत बसणारे दोन दाते असतात. स्प्रिंग त्यांना दाबून धरते आणि दाते उतारावरून घसरून ठरलेल्या खाचेत जाऊन बसतात. ते टक् म्हणजे दाता खाचेत बसल्याचा आवाज. आवाज बोदा आला किंवा झाकण लुळं पडायला लागलं तर बिजागरी झिजली असं समजावं.

आता एक हिशेब. झाकण साधारण नऊ सेंटिमीटर लांब. उघडण्याची मर्यादा संपते तिथे अडवणारा खिट्टीसारखा भाग अक्षापासून असतो जेमतेम तीन मिलिमीटरवर. नव्वद भागिले तीन, तीस. म्हणजे पूर्ण उघडलेल्या झाकणाच्या टोकावर एक किलोचा भार पडला तर त्या इवल्या खिट्टीवर तीस किलोचा पडतो. पहारीने धोंडा उलथतो तोच हा तरफेचा नियम, फक्त इथे धोंड्याच्या जागी प्लास्टिक आहे. उघडा फोन खाटेवर टाकून त्यावर बसणं किंवा एका हाताने झटका देऊन हिरोसारखा उघडणं, यात बिजागरीच्या बुडाशी तडे जातात ते यामुळे. दोन्ही हातांनी उघडावा. लहान पोरांच्या हाती तर देऊच नये, त्यांना ते टक् टक् फार आवडतं.

मायच्या फोनच्या फटीत रुईचे तंतू निघाले. कपाशीच्या घरात दुसरं काय निघणार! जुन्या मऊ टूथब्रशने काढले. शेजारचा एक जण तेलाची बुधली घेऊन तयारच होता. दाराच्या बिजागरीला घालतात ना, मग हिला का नको? नको, कारण तेलाला धूळ आणि रुई चिकटून त्याची लगदी होते, आणि तेल आत झिरपलं तर चिकटवलेले भाग सुटू शकतात.

मग रिबन. बॅटरी आणि मुख्य सर्किट खालच्या अर्ध्यात, पडदा आणि कानाचा स्पीकर वरच्या अर्ध्यात. दोघांना जोडणारी पातळ पट्टी, म्हणजेच रिबन, बिजागरीतून जाते आणि प्रत्येक उघडझापीला वाकते. दिवसाला तीस वेळा म्हटलं तरी वर्षाला जवळजवळ अकरा हजार वेळा. कुंपणाची तार दहा-वीसदा मागेपुढे केली की तुटते. मग ही कशी टिकते?

चुलीपाशी कपाशीच्या काड्या पडल्या होत्या, भरताची वांगी भाजायला आणलेल्या. त्यातली जाड काडी वाकवली की बाहेरच्या बाजूने तडकते. त्याच कपाशीचं सूत मात्र बोटाला कितीही गुंडाळा. वाकताना वस्तूची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. वस्तू जितकी जाड आणि वळण जितकं आवळलेलं तितका ताण जास्त. ०.१ मिलिमीटर जाडीची पट्टी ३ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर वाकवली तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग दीड टक्क्याहून जास्त ताणला जातो. पट्टीतलं वीज वाहणारं तांबं तिथे असतं तर लवकरच तुटलं असतं. म्हणून ते ठेवतात बरोबर मधल्या थरात, पॉलिइमाइड नावाच्या चिवट प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये. मधोमध ना ताण ना दाब. तांब्याचा थर ०.०१८ मिलिमीटरचा असेल तर त्याच्या वाट्याला येतो अवघा ०.३ टक्के. त्यातही बऱ्याच फोनमध्ये पट्टी बिजागरीच्या नळीत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवतात, म्हणजे वळण एकाच जागी पडत नाही. हल्ली लाखभर रुपयांचे घडी पडणारे स्मार्टफोन येतात, त्यांचा पडदा वाकतो तोही याच हिशेबावर. काच इतकी पातळ की केसाहून बारीक.

रिबन गेली की नाही हे घरीच कळतं. फोन हळूहळू उघडा आणि पडद्याकडे बघत राहा. एका ठरावीक कोनात चित्र दिसतं आणि पुढे गेलं की रेषा येतात किंवा पडदा पांढरा होतो, तर पट्टीतली एखादी तार तुटलीय. ती विशिष्ट कोनातच टेकते. मायचा फोन मी वीस वेळा उघडझाप केला. पडदा प्रत्येक कोनात स्वच्छ. आठशे रुपये वाचले.

दुसरा संशय सिग्नलवर. पण घरात चार दांड्या होत्या. दांड्या कमी असतात तेव्हा फोन दूरच्या टॉवरपर्यंत पोचायला जोर लावतो. जुन्या टू-जी फोनची ताकद टॉवरजवळ ३ मिलिवॅटपर्यंत उतरते आणि लांब गेलं की २ वॅटपर्यंत चढते, म्हणजे सहाशे पटींहून जास्त. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर बॅटरी दुपारीच माना टाकते त्याचं कारण हे. कानाशी फोन तापतो म्हणून धास्तावणाऱ्यांसाठी एवढंच, की शरीरात शिरणाऱ्या लहरींची मर्यादा भारतात १.६ वॅट प्रति किलो आहे, २०१२ पासून. आपल्या फोनचा हा वॅटचा आकडा बहुतेक हँडसेटवर *#०७# दाबून बघता येतो. सिग्नल कमजोर असताना लांबलचक गप्पा स्पीकरवर माराव्यात. अंतर थोडं वाढलं तरी लहरींचा जोर झपाट्याने उतरतो.

तिसरी बॅटरी, आणि इथे मला खरंच घाम फुटला. फुगलेली नव्हती. मागचं झाकण काढून बॅटरी काचेवर ठेवली आणि बोटाने फिरवली. चपटी बॅटरी जागच्या जागी अडते, पोट आलेली भोवऱ्यासारखी गरगरते. मायची अडली. पण चार्जिंग कुठे करतेस विचारलं तर म्हणाली, घरी लाइट नसली की काका मळ्यात नेतो, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत लावतो.

मोटारीच्या खोलीत थ्री फेज असतो, म्हणजे विजेच्या तीन जिवंत तारा. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट. चार्जर बनलेला असतो २४० व्होल्टपर्यंतच्या विजेसाठी. खोलीत न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, नसली किंवा तुटलेली असली की लोक एक वायर फेजला आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला लावून काम भागवतात. मी गेलो तेव्हा तिथे हेच केलेलं होतं. अशा वेळी सळई, तिच्या भोवतीची ओली जमीन आणि तिला जोडलेली स्टार्टरची लोखंडी पेटी, सगळ्यांत वीज उतरू शकते. चार्जर जळाला तर दोनशे रुपये जातात. पण ओल्या पायांनी पेटी उघडायला गेलेला माणूस गेला तर? काकाला हे समजावताना माझा आवाज चढला होता. शेवटी घरासाठी एक पॉवर बँक आणून दिली.

उन्हाची गोष्ट राहिलीच. लिथियम-आयन बॅटरीच्या आत सेंद्रिय द्रव असतो. चार्ज होताना तिने शून्य ते ४५ अंशांच्या दरम्यान असावं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा सावलीतच ४५ गाठतो, मग पत्र्याच्या शेडखाली किंवा बंद गाडीच्या काचेमागे काय होत असेल? उष्णतेने आतला द्रव हळूहळू बिघडतो, त्यातून वायू सुटतो आणि पाकीट फुगतं. घडीच्या फोनचं बरं इतकंच की बॅटरी फुगली की मागचं झाकण उचललं जातं आणि दुखणं लगेच दिसतं. अशी बॅटरी दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही, चार्जिंगला लावायची नाही. मातीच्या कोरड्या कुंडीत, घराबाहेर ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. खान्देशी उन्हाळ्यात फोन चार्ज करायची वेळ म्हणजे पहाट, आणि जागा म्हणजे माठाशेजारची फरशी. हां, माठ गळका नको. फोन भिजलाच तर तांदळात पुरायच्या आधी बॅटरी काढा, कारण पाण्यापेक्षा पाण्यात वाहणारी वीज तांबं लवकर खाते. तांदूळ भातासाठीच ठेवा.

एवढं सगळं तपासून झालं तरी फोन का कटतो ते कळलं नव्हतं. कळलं संध्याकाळी.

माय चुलीपाशी बसून भाजलेल्या वांग्यांची सालं काढत होती. हात काळे, म्हणून फोन स्पीकरवर. उघडा फोन तिने शेजारी बटव्यावर ठेवला होता, जमिनीवर राख लागेल म्हणून. माझी मावशी पलीकडून कुणाच्या तरी साखरपुड्याचं सांगत होती. मायने कोपराने फोन जरा सरकवला. पडदा विझला, मावशी गेली.

बटवा नवा होता, दिवाळीत भाचीने दिलेला. त्याला चुंबकाचं बटण!

फोनला आपण मिटलो हे कसं कळतं? झाकणाच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक असतं आणि खालच्या अर्ध्यात बटणांच्या पट्टीजवळ एक सेन्सर. झाकण मिटलं की चुंबक सेन्सरवर येतं आणि फोन समजतो, बोलणं संपलं. या सेन्सरची युक्ती अमेरिकेतल्या एडविन हॉल या विद्यार्थ्याला १८७९ मध्ये सापडली, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता. सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली आणि वर्खाला आडवं चुंबक धरलं, तर वाहणारे विद्युतकण एका कडेला ढकलले जातात आणि दोन कडांमध्ये इवलासा व्होल्टेज उभा राहतो. पाटाचं पाणी वाऱ्याने एका काठाला लोटलं जावं तसं. आज सोन्याच्या जागी सेमीकंडक्टरची चिप आहे. तिला चुंबक कुणाचं हे कळत नाही. झाकणातलं आलं काय, बटव्यातलं आलं काय, तिच्या लेखी फोन मिटला.

खात्री म्हणून उघडा फोन बटव्यावर सावकाश फिरवला. एका जागी पडदा विझायचा, बोटभर हलवला की पेटायचा. काकाने तो खेळ दहा वेळा केला.

चुंबक आहे म्हणजे एक पथ्य आलं: छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी फोन त्या बाजूच्या खिशात ठेवू नये, पंधरा सेंटिमीटर तरी लांब असावा. मागे काळी पट्टी असलेलं एटीएम कार्डही फोनला चिकटून नको. आणि २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की मदतीसाठी थेट फोन लागतो. मायला ते दाखवलं. खिशात किंवा पिशवीत चुकून दाबलं जाऊ नये म्हणून झाकण मिटलेलंच बरं. *#०६# दाबून आलेला पंधरा आकडी आयएमईआय नंबर तिच्या रेशनकार्डाच्या पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवला, फोन हरवला तर तो बंद करायला हाच लागतो.

तोवर भरीत तयार होतं, सोबत कळण्याची भाकरी. जेवण झाल्यावर मायने कात्री घेतली, बटव्याचं चुंबक उसवून काढलं आणि तिथे नाडी शिवली. चुंबक फेकलं नाही. ते आता लोखंडी कपाटाच्या दारावर आहे, लाइटबिल धरून.