कर्जतला गाडीच्या मागे इंजिन का लावतात?

मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला गाडी थांबते, लोक वडापाव घ्यायला दारात गर्दी करतात आणि तेवढ्यात मागून एक दणका बसतो. रोजच्या प्रवाशांना लगेच कळतं, बँकर लागलं. म्हणजे घाट चढायला मागून जोडलेली जादाची इंजिनं. का लावतात विचारलं तर उत्तर ठरलेलं, चढ आहे ना, एक इंजिन पुरत नाही. बरोबरच आहे, पण अर्धं. जोरच कमी पडतोय तर जादाचं इंजिन पुढच्या इंजिनाला जोडून टाका की, शेवटच्या डब्याच्या मागे नेऊन कशाला लावायचं? मला हा प्रश्न शाळेत असताना पडला होता आणि त्याचं उत्तर न्यूटनच्या नियमांतच आहे हे कळायला बरीच वर्षं गेली.

आधी बैलगाडी बघू, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की बैल गाडीला जेवढा ओढतो तेवढीच गाडी बैलाला मागे ओढते. मग दोन्ही सारखं असेल तर गाडी हलते कशी? तर ही दोन बलं एकाच वस्तूवर लागतच नाहीत, एक गाडीवर लागतं आणि दुसरं बैलावर, त्यामुळे ती एकमेकांना खोडतील कशी! बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे रेटते, आणि हा बाहेरून आलेला जोर गाडीच्या अडवणुकीपेक्षा जास्त झाला की बैल आणि गाडी दोघं मिळून पुढे निघतात. चिखलात बैलाचे पाय घसरले की सगळं तिथेच थांबतं, बैल कितीही तगडा असू दे. रेल्वेचं इंजिन पण हेच करतं, चाकांनी रूळ मागे ढकलतं आणि रूळ त्याला पुढे ढकलतात.

आता हिशोब करू. धरा 18 डबे, प्रत्येकी 50 टन, म्हणजे 900 टन, आणि पुढे 120 टनांचं एक इंजिन. सपाट रुळावर ही गाडी अशी वेग घेतेय की 100 सेकंदात ताशी 36 किलोमीटरला पोचेल. सगळे डबे एकमेकांना बांधलेले, त्यामुळे सगळ्यांचा वेग एकाच हिशोबाने वाढणार, पहिला डबा जोरात आणि शेवटचा हळू असं होऊच शकत नाही. इथवर सगळ्यांना पटतं, पण पुढे गफलत होते. वेग सारखा वाढतोय म्हणजे प्रत्येक कपलिंगवर, म्हणजे दोन डबे जोडणाऱ्या कडीवर, ताण पण सारखाच असेल असं वाटतं, आणि ते साफ चूक आहे. प्रत्येक कपलिंगला फक्त आपल्या मागचे डबे ओढायचे असतात. इंजिन आणि पहिल्या डब्यामधल्या कपलिंगला 18 डबे, त्याच्या मागच्याला 17, त्याच्याही मागच्याला 16, असं करत करत शेवटच्या कपलिंगला एकच डबा. न्यूटनचा दुसरा नियम, म्हणजे बल बरोबर वस्तुमान गुणिले वेग वाढण्याचा दर, लावला तर पहिल्या कपलिंगवर साधारण 9 टन वजन टांगल्याएवढा ताण येतो आणि शेवटच्यावर जेमतेम अर्धा टन. गाडी एकच, वेग एकच, आणि ताणात 18 पटींचा फरक.

घाटात हा फरक जिवावरचा होतो. 1863 पासून गाड्या चढतायत त्या कर्जत-लोणावळ्यामधल्या बोरघाटात आणि तिकडे कसारा घाटातही सगळ्यात कडक चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, रस्त्यावर तर जाणवणारही नाही एवढा चढ, पण अशा चढावर गाडीच्या वजनाचा साधारण सदतिसावा हिस्सा तिला सतत मागे खेचत असतो. 900 भागिले 37, म्हणजे 24 टन. वेग अजिबात वाढवायचा नाही, नुसतं एका चालीने चढत राहायचं तरी पहिल्या कपलिंगवर 24 टन टांगलेले! इंजिनाला स्वतःचं वजनही चढवायचंय, त्याचे 3 टन वेगळे, वर घर्षण आणि घाटातली वळणं, म्हणजे एकूण मागणी 30 टनांच्या घरात गेली.

आणि रूळ किती देणार? लोखंडावर लोखंड, पकड जेमतेम. कोरड्या रुळावर इंजिनाच्या वजनाच्या पाव हिस्सा धरला तर 120 टनांच्या इंजिनाला मिळतात 30 टन, म्हणजे अगदी काठावर. आता जुलै महिना आठवा, मंकी हिल, ठाकूरवाडीच्या आसपास धो धो पाऊस, रूळ ओले, पकड 15 टक्क्यांवर आली तर 18 टनच. मोटर कितीही ताकदीची असली तरी चाकं जागेवर फिरतील, चिखलातल्या बैलासारखी. म्हणून तर इंजिनाच्या चाकांपुढे रुळावर वाळू सोडायची सोय असते.

आता दुसरं इंजिन पुढेच जोडलं असं समजा. पकडीचा प्रश्न सुटला, पण पहिल्या डब्याच्या कपलिंगवरचे 24 टन कुठे गेले? कुठेच नाही, ते तसेच, उलट गाडी उभी राहिली आणि झटक्यात निघाली तर ताण त्याच्याही वर जाणार. पण तेच इंजिन मागे लावलं आणि त्याने अर्धा भार घेतला की चित्रच बदलतं. पुढचे 9 डबे ओढले जातायत, मागचे 9 ढकलले जातायत, पहिल्या कपलिंगवर 24 चे 12 टन झाले, आणि गंमत म्हणजे नवव्या आणि दहाव्या डब्यामधल्या कपलिंगवर ओढ जवळजवळ शून्य. एवढी मोठी गाडी घाट चढतेय आणि बरोबर मधली कडी निवांत आहे! हे पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मी परत परत आकडे तपासले होते. शिवाय वाटेत एखादं कपलिंग तुटलं तर मागच्या डब्यांना खालून टेकू असतो. ब्रेकची हवा नेणारा एअर पाइप तुटला की ब्रेक आपोआप लागतात हे खरंय, पण अशा उतारावर मागे इंजिन असलेलं केव्हाही बरं.

इथे एक पुस्तकी गोष्ट सोडून द्यावी लागते. गणितात डबे जोडणारी दोरी कायम ताणलेली धरतात, खऱ्या गाडीत कपलिंगला थोडी ढिलाई असते. मालगाडी निघताना पुढून मागे पळत जाणारा खडखडखड आवाज ऐकलाय ना, तो एकेक वॅगन आपापल्या पाळीने हलल्याचा आवाज. पूर्वी जड मालगाडी काढताना ड्रायव्हर आधी गाडी जरा मागे दाबून घ्यायचे, म्हणजे सगळी ढिलाई जमा व्हायची आणि मग सगळं ओझं एकदम न येता एकेक वॅगन करून यायचं. खूप शहाणी युक्ती आहे ही.

2019 ला नाशिकमार्गे सुरू झालेल्या मुंबई-दिल्ली राजधानीला तर पुढे आणि मागे दोन्हीकडे स्वतःची इंजिनं दिली, त्यामुळे कसाऱ्याला बँकरसाठी थांबणं वाचलं. वंदे भारतमध्ये वेगळं इंजिनच नाही, 16 डब्यांच्या गाडीत निम्म्या डब्यांखाली मोटरा, जवळजवळ प्रत्येक डब्याला ओढणारा शेजारी हजर, त्यामुळे ताण कुठे साचतच नाही आणि पकड द्यायला निम्म्या गाडीचं वजन कामाला येतं. 2023 पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत बोरघाट बँकरशिवाय चढते ती याच जोरावर.

बाकीच्या गाड्यांचं बँकर लोणावळ्याला सुटतं. सगळे 18 डबे पुन्हा त्या पहिल्या कपलिंगवर येतात, पण आता तो कडक चढ मागे राहिलेला असतो आणि सपाटीला एका चालीने जायला गाडीला दोन-तीन टनांचीच ओढ लागते.