गोळ्या विकणारा पोरगा आणि कुमार कादंबरी

नशेच्या गोळ्या विकणारा 15-16 वर्षांचा पोरगा कुमार कादंबरीचा नायक असावा का? असावा, असं मला मनापासून वाटतं. आणि कादंबरी मराठवाड्यात घडणार असेल, तर त्याचं सुधारणंही इथल्या जगण्यातूनच यायला हवं.

चुकणारा मुलगा मराठीला नवा नाही. 1935 साली आलेल्या ‘श्यामची आई’तला श्याम पुस्तकासाठी पैसे चोरतो आणि आई त्याला वळणावर आणते. पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चोरांच्या मागावर धावला; तिथे गुन्हा मोठ्यांचा आणि पोरगा त्यांना पकडून देणारा. अमेरिकेत 1967 साली ‘द आउटसायडर्स’ने टोळीतल्या पोराला स्वतःची गोष्ट स्वतःच सांगू दिली. लेखिका एस. ई. हिंटन तेव्हा 18 वर्षांच्या होत्या. हा तिसरा रस्ता आपल्याला जास्त उपयोगाचा आहे, कारण बीडकडच्या कितीतरी पोरांना वळण लावायला आई वर्षातले पाच-सहा महिने घरी नसतेच. ती कारखान्याच्या फडात ऊस तोडत असते आणि पोरगं गावी आजीजवळ.

आता मालाकडे येऊ. छत्रपती संभाजीनगरात झोपेच्या नायट्राझेपाम गोळ्यांना पोरं ‘बटन’ म्हणतात. 2014 पासून हे औषध ‘एच 1’ यादीत आहे. डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि दुकानदाराला रुग्णाचं नाव व किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या वहीत लिहून ठेवावं लागतं. चोरट्या धंद्याला ही वही नको असते. म्हणून पाकीट कुणाच्या तरी दप्तरातून फिरतं आणि एकेक गोळी सुटी विकली जाते. दप्तरवाल्याला हाताखाली ठेवायची रीत मराठवाड्याला पाठ आहे: आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायची, मग ती कधीच फिटू द्यायची नाही. कारखान्याला ऊसतोड मजूर पुरवणारा मुकादम बापाला कोयत्यासकट बांधून ठेवतो, तसा पुरवठादार लेकाला. कादंबरीकाराने हे नातं पकडलं, तर पोराला धंदा सोडणं इतकं अवघड का जातं, हे वाचणाऱ्या मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.

कायद्याची नजरही बदलत गेली आहे. 1986 च्या बाल न्याय कायद्यात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा 16 होती. 2000 च्या कायद्याने ती 18 केली. 2015 च्या कायद्यातल्या कलम 78 नुसार मुलाकडून अमली पदार्थ विकून घेणाऱ्याला किंवा त्याला ने-आण करायला लावणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे पोराला वापरून घेणारा कायद्याने वेगळा गुन्हेगार धरला आहे.

तरी नायकाला निव्वळ बळी करून टाकू नये. वर्गातल्या ज्या मित्राला त्याने पहिली गोळी विकली, त्याच्या घरी त्याला जावं लागलं पाहिजे. श्यामला आईसमोर कबुली देता आली. या पोराला ती मित्राच्या आईसमोर द्यायची आहे, आणि ती बाई माफ करेलच याची खात्री नाही. शिवाय निरीक्षणगृहातून, म्हणजे पकडलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथून, तो सुटून आला तरी पुरवठादाराची उचल बाकीच असते.