फोटो प्रिंटला देण्याआधी पिक्सेल मोजा

गणपती जवळ आले किंवा शिवजयंतीची मिरवणूक आली की बेळगावात फ्लेक्सवाल्यांकडं आणि फोटो लॅबमध्ये गर्दी होते, आणि तिथं एक वाक्य हमखास कानावर येतं, "फोटो 300 डीपीआयचा (म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांचा) पाहिजे". मग कोणतरी घरी जाऊन कॉम्प्युटरवर फाईलमधल्या 72 च्या आकड्याचं 300 करून आणतंय आणि तरी प्रिंटमध्ये फोटो फाटतोच, म्हणजे ठिपके ठिपके दिसतात. असं का होतं हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे.

ते 72 किंवा 300 म्हणजे फाईलमध्ये लिहून ठेवलेली नुसती सूचना असते, एका इंचात किती पिक्सेल बसवायचे याची. खरा माल म्हणजे पिक्सेल, ज्या बारीक रंगीत ठिपक्यांनी फोटो बनतो ते. तुमच्या फोनचा फोटो 4000 बाय 3000 असेल तर त्यात 1 कोटी 20 लाख पिक्सेल आहेत, आकडा काहीही लिहा, ते तेवढेच राहणार. फोटोशॉपमध्ये इमेज साइझ उघडून 'रिसॅम्पल'ची टिक काढली तर हे डोळ्यांसमोर दिसतं, आकडा वाढवला की इंच कमी होतात, बस्स. टिक ठेवली तर सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजानं नवे पिक्सेल भरतंय, त्यानं फोटो मोठा होतो पण त्यात नवी माहिती काहीच येत नाही.

म्हणून हिशोब साधा, पिक्सेलला इंचांनी भागा, इंचाला किती पडतात ते कळतं. 4 बाय 6 च्या प्रिंटला 1200 बाय 1800 पुरे. 12 बाय 18 ची फ्रेम करायची असेल तर तोच 4000 वाला फोटो 18 इंचांवर इंचाला साधारण 222 पडतो, भिंतीवर छानच दिसतो.

आता 300 च का? तर आपला डोळा. चांगल्या नजरेला कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक वेगळं दिसतं. फोटो हातात धरून फूटभरावरून बघितला तर हे अंतर इंचाच्या साधारण 290 व्या भागाएवढं येतं, म्हणून 300. पण लांबून बघायचं असेल तर एवढी गरजच नाही! याच हिशोबानं 3438 ला अंतराच्या इंचांनी भागा, इंचाला किती पिक्सेल लागतात तो आकडा मिळतो. 10 फुटांवरून बघायला 29 पुरतात. धर्मवीर संभाजी चौकात 15 फुटी फ्लेक्स लागला तर फोनच्या फोटोचे इंचाला 22 च पिक्सेल येतात, तरी 13 फुटांच्या पलीकडून तो स्वच्छ दिसणार, त्यासाठी 300 चा हट्ट धरणं म्हणजे फुकट जड फाईल.

खरं नुकसान होतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान करून, दाबून जातो, लांब बाजू बहुतेक वेळा 1600 पिक्सेलच्या आसपास उरते, म्हणजे 18 इंचांवर इंचाला 90 सुद्धा नाहीत. त्यामुळं लॅबला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाईल आहे तशी जाते.

आणखी एक, फोनचा फोटो 4:3 असतो आणि 4 बाय 6 ची प्रिंट 3:2, त्यामुळं 4000 बाय 3000 मधल्या 333 ओळी वर-खाली कापल्या जातात. लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या मामांचं डोकं जातंय ते इथंच, म्हणून क्रॉप स्वतः करून द्या.

खानापूर, निपाणीकडच्या घरांत आजोबांचा एकच जुना फोटो असतो, तो मोठा करायचा असतो. काच लावलेल्या फोटोचा मोबाईलनं फोटो काढू नका, फ्रेममधून काढून 600 डीपीआयला स्कॅन करा. साडेतीन बाय पाच इंचांच्या फोटोचे 2100 बाय 3000 पिक्सेल मिळतात, म्हणजे 7 बाय 10 ची प्रिंट आरामात. एआय वापरून चेहरा चकचकीत करून देणारे खूप झालेत, पण ते सॉफ्टवेअर नसलेले डोळे, नसलेल्या पापण्या स्वतःच्या अंदाजानं काढतं, आणि आजीला तो माणूस ओळखीचा वाटेलच असं नाही. मला तरी थोडा धूसर पण खरा चेहरा कधीही चांगला वाटतो. स्कॅनची मूळ फाईल टिफमध्ये (माहिती न टाकता साठवणारा फाईलचा प्रकार) ठेवा आणि दुरुस्ती तिच्या कॉपीवर करा, कारण जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाईल, बदल करून पुन्हा सेव्ह केली की 8 बाय 8 च्या चौकोनांमधली थोडी माहिती दर वेळी टाकून देत जाते.