शाळानकार आणि शिक्षकांचा बर्नआउट (गोवा)

भीती, चिंता किंवा खिन्नतेपायी मुलाला शाळेत जाणे वा दिवसभर वर्गात बसणे जड जाते आणि घरच्यांना ते ठाऊक असते, त्या अवस्थेस शाळानकार म्हणतात. दांडी मारणारे मूल थाप मारून बाहेर भटकते, तर शाळानकारातले मूल घरीच असते आणि पुष्कळदा अभ्यासात बरे असते. मानसोपचारात याचे वर्णन १९३२ पासून आढळते. हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. त्याच्या मुळाशी आईवडिलांपासून दूर होण्याची चिंता, चारचौघांची भीती, नैराश्य, वर्गातली छळवणूक किंवा अध्ययन अक्षमता असू शकते.

लक्षणे बहुधा शरीरातून बोलतात. रविवारी संध्याकाळी मूल गप्प होते, सोमवारी सकाळी पोटात कळ येते, मळमळते आणि शाळेची वेळ टळली की दुपारी ते खेळू लागते. तपासणीत काही निघत नाही, म्हणून ‘नाटकं करता’ असा शेरा बसतो. दुखणे मात्र खरे असते.

गोव्यात सर्वांत नाजूक वळण पाचवीचे. सरकारी प्राथमिक शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकलेले मूल पाचवीत हायस्कुलात जाते आणि माध्यम एकदम इंग्रजी होते. सत्तरी, पेडणे, सांगे या तालुक्यांतल्या वाड्यावाड्यांतून बालरथाने (सरकारी योजनेतल्या शाळाबसने) येणाऱ्या मुलाला एकाच जूनमध्ये नवी इमारत, प्रत्येक तासाला नवा शिक्षक आणि नवी भाषा पेलावी लागते. चौथीत फळ्यासमोर धडाधड वाचणारी मुलगी पाचवीत मागच्या बाकावर मान खाली घालून बसते. याला तिचा आळस म्हणणे अन्यायाचे आहे. गणेश चतुर्थीची सुटी, दिवाळी, नाताळ संपल्यावरचे पहिले दिवसही कठीण जातात. २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले. त्यामुळे मेच्या सुटीनंतर शाळेला सरावण्याची धडपड पुन्हा करावी लागते.

हे प्रथम दिसावे ते वर्गशिक्षकाला, आणि इथेच बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस आतून झिजण्याचा, संबंध येतो. ही संकल्पना मानसशास्त्रज्ञ फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मांडली. मॅसलॅक व जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिची मोजपट्टी दिली. तिचे तीन घटक: भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात (२०२२ पासून लागू) ती आजार नसून कामाशी निगडित घटना म्हणून नोंदली आहे. गोव्यातील अनेक प्राथमिक शाळा एकशिक्षकी आहेत. पहिली ते चौथी एकाच खोलीत, त्यात माध्यान्ह आहाराची नोंद, यूडायस या शाळांच्या देशव्यापी नोंदप्रणालीची माहिती आणि मतदारयाद्यांचे काम. अशा शिक्षकाचा कोरडेपणा हा स्वभावदोष मानता येत नाही. पण त्याची किंमत मूल मोजते. हजेरीपटात सोमवारी किंवा चाचणीच्या दिवशी गैरहजेरीची रांग दिसत असते आणि थकलेली नजर तेवढी खूण करून पुढच्या नावाकडे वळते. उलट, रोज दाराशी रडणारे मूल आणि चिडलेले पालक यांनी शिक्षकही आणखी झिजतो.

गोवा बाल अधिनियम, २००३ ने शाळेतील शारीरिक शिक्षेस बंदी केली आहे. दटावून ओढून नेण्याने तसाही काही काळच भागतो. बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आणि १४४१६ ही टेली-मानस मदतवाहिनी येथे सल्ला मिळतो. उपचारात भीतीला थोडे थोडे सामोरे जाण्याचा भाग मुख्य असतो. पहिले काही दिवस फाटकापर्यंत, मग मधल्या सुटीपर्यंत, नंतर पूर्ण वेळ. घरी असताना मोबाइल व टीव्ही बंद, कारण गैरहजेरी लांबली की परतणे कठीण होते. फाटकाशी मुलाला कोणी घ्यायचे हे आधी ठरलेले असावे, आणि तो माणूस रोज तोच असावा.